सेसिल टेलर ऐकायला बसण्यापूर्वी

मी टेलर, हा जॅझ पियानोवादक, चुकीच्या टोकाने सुरू केला. कुणीतरी 'युनिट स्ट्रक्चर्स' हा फार मोठा अल्बम आहे म्हणून सांगितलं होतं. रविवारी जेवण झाल्यावर तो ब्लूटूथ स्पीकरवर लावला आणि आडवा झालो. दहा-बारा मिनिटांत बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका. "फरशीचं काम काढलंय का? मिस्त्री चांगला असेल तर नंबर द्या." त्यांना खरोखरच मिस्त्री हवा होता, त्यामुळे रागावताही येईना. त्यानंतर दोनेक वर्षं मी टेलरच्या वाटेला गेलो नाही.

पुन्हा गेलो तो मात्र क्रमाने गेलो, १९५६ पासून. तेव्हा कळलं की ज्याला मी गोंगाट समजत होतो तो एका माणसाने पायरी पायरीने गाठलेला मुक्काम आहे. आपण थेट गच्चीवर उडी मारायला जातो आणि पाय मोडून घेतो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. जॅझची फारशी माहिती नसेल तरी चालेल. मलाही नव्हती. लहानपणी आठ वर्षं तबला शिकलो होतो, तेवढीच काय ती पुंजी.

आधी एवढं माहीत असू द्या

सेसिल टेलर हा न्यू यॉर्कचा कृष्णवर्णीय पियानोवादक आणि संगीतकार. जन्म २५ मार्च १९२९, मृत्यू ५ एप्रिल २०१८. लहानपणीच आईच्या आग्रहाने पियानोला बसला. पुढे बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकला. एका कानात ड्यूक एलिंग्टन, थेलोनियस मंक, बड पॉवेल हे जॅझ पियानोवादक आणि दुसऱ्या कानात बार्टोक, स्ट्राव्हिन्स्की हे पाश्चात्त्य अभिजात संगीतकार. त्याला 'फ्री जॅझ'चा जनक वगैरे म्हणतात. या 'फ्री' शब्दाने जेवढा घोटाळा केलाय तेवढा दुसऱ्या कशाने केला नसेल. मनाला येईल ते वाजवणं असा अर्थ घेऊन बसलात तर पुढचं काही कानात शिरणार नाही. तो रचना करायचा, महिनोन्‌महिने तालमी घ्यायचा आणि त्या रचनेच्या पोटातून उत्स्फूर्त वादन काढायचा.

साहित्य

- कानावर बसणारे मोठे हेडफोन. ही एकच गोष्ट मी हट्टाने सांगेन. फोनच्या स्पीकरवर त्याचा डावा हात ऐकूच येत नाही, आणि निम्मा टेलर डाव्या हातात आहे.
- सलग वीस मिनिटं. स्वयंपाक करताना किंवा लोकलच्या गर्दीत नाही.
- वही-पेन्सिल.
- जमल्यास मोबाइलवर पियानोच्या पट्ट्या दाखवणारं एखादं फुकट ॲप. वाजवता यायची गरज नाही. तो आत्ता डावीकडे, खर्जात आहे की उजवीकडे टिपेला, एवढं बोटाने दाखवता आलं की पुरे.
- ॲपमधला शफल बंद. याच्या अल्बमचे तुकडे एकमेकांत गुंतलेले असतात.

१. 'जॅझ ॲडव्हान्स' (१९५६): मांडीवर ताल धरून बसा

हा पहिला अल्बम. सोबत सोप्रानो सॅक्सोफोनवर स्टीव्ह लेसी, बासवर ब्यूएल नाइडलिंगर, ड्रमवर डेनिस चार्ल्स. सुरुवात 'बेम्शा स्विंग' या तुकड्याने करा. चाल मंकची आहे, म्हणजे टेलरची नव्हे, आणि नवख्याला तेच सोयीचं. ओळखीच्या घरात हा माणूस काय उचापती करतो ते दिसतं.

मांडीवर चार मात्रा धरा. बास आणि ड्रम त्या चारांना सोडत नाहीत, त्यामुळे तुमचा हात चुकणार नाही. आता पियानोकडे लक्ष द्या. तो तालात आहे, पण तालावर बसलेला नाही. मधेच सुरांचा एक ठोकळा टाकतो, मधेच गप्प होतो, मधेच एखादी लहानशी आकृती तीन-चार वेळा वेगवेगळ्या उंचीवर वाजवतो. ही लहान आकृती वहीत नोंदवा. स्वर लिहिता आले नाहीत तर वर जाणारी रेघ, खाली येणारी रेघ, दोन टिंबं, असं काहीही चालेल. पुढची साठ वर्षं तो असल्याच आकृत्यांनी बोलणार आहे.

याच सुमाराला न्यू यॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत त्याच्या चौकडीला काही आठवड्यांचं काम मिळालं आणि १९५७ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात तो वाजला. सुरुवात अशी झोकात झाली म्हणून पुढे पैसा आला असेल असं समजू नका. त्याबद्दल पुढे सांगतो.

२. नावांच्या भानगडीत अडकू नका (१९५८ ते १९६१)

इथे ऐकण्यापेक्षा शोधण्याचाच त्रास जास्त. माझे दोन-तीन रविवार यात गेले.

पहिली भानगड: 'हार्ड ड्रायव्हिंग जॅझ'. १९५८ साली टेलर आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन एकत्र वाजले तो हा अल्बम. आधी टेलरच्या नावाने निघाला आणि कोल्ट्रेनचं नाव मोठं झाल्यावर तोच 'कोल्ट्रेन टाइम' म्हणून कोल्ट्रेनच्या नावावर विकला गेला. दोन्ही घेऊ नका, माल एकच आहे. आणि याच्यापासून सुरुवातही करू नका. ट्रम्पेटवाला केनी डॉरम आणि टेलर यांचं जमलेलं नाही. एकाने ठुमरी धरावी आणि साथीदाराने परण काढावी असा प्रकार ऐकू येतो. नंतर कधीतरी कुतूहल म्हणून ऐका, मजा आहे.

दुसरी भानगड याहून भारी. १९६१ चा 'इन्टू द हॉट' हा अल्बम गिल इव्हान्स या संगीतकाराच्या नावाने आहे, मुखपृष्ठावर फोटोही त्याचाच. इव्हान्स त्यात एकही सूर वाजवत नाही. सहापैकी तीन तुकडे टेलरच्या मंडळींचे आहेत: 'पॉट्स', 'बल्ब्ज' आणि 'मिक्स्ड'. उरलेले तीन जॉन कॅरिसी या दुसऱ्या संगीतकाराचे. टेलरच्या नावाने शोधलंत तर हा कित्येकदा सापडतच नाही. पण शोधाच, कारण आल्टो सॅक्सोफोनवाला जिमी लायन्स इथे आहे. हा लायन्स पुढे १९८६ मध्ये वारला, तोवर जवळजवळ पंचवीस वर्षं टेलरबरोबर राहिला. पेटीवाला गवयाचा श्वास ओळखतो तसा तो टेलरला ओळखायचा.

तिसरी भानगड किरकोळ आहे. बिली टेलर नावाचा एक वेगळा पियानोवादक होता. छान, नीटस वाजवायचा. 'टेलर पियानो जॅझ' एवढंच शोधून "अरे, हे तर सोपं आहे" असं वाटलं, तर बहुधा तुम्ही त्यालाच ऐकताय.

दोन पायऱ्यांच्या मधे दम खायला 'द वर्ल्ड ऑफ सेसिल टेलर' (१९६०) ठेवा. त्यात 'धिस निअर्ली वॉज माइन' हे नाटकातलं एक हळवं गाणं आहे. टेलर त्याची चाल मोडत नाही, तिच्याभोवती घिरट्या घालतो. मला त्याचं प्रेम तिथे बसलं.

३. कोपनहेगन, नोव्हेंबर १९६२: आता मांडीवरचा हात उचला

कॅफे माँमार्त्रमधलं प्रत्यक्ष मैफलीचं ध्वनिमुद्रण. वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या नावांनी काढलंय. 'नेफर्टिटी, द ब्यूटिफुल वन हॅज कम' हे नाव दिसलं की घ्या. तिघंच जण: टेलर, लायन्स आणि ड्रमवर सनी मरे. बास नाही.

बहुतेक लोक इथेच गळतात, मीही पहिल्यांदा इथेच अडखळलो. कारण साधं आहे. आपला हात सवयीने चार मात्रा धरतो आणि दोन मिनिटांत हरवतो. तबला शिकलेल्याची तर फारच पंचाईत, कारण आपण समेची वाट बघत बसतो. सम येत नाही. मरेने ठेका धरायचंच सोडून दिलंय. तो झांजेवर एक सळसळ चालू ठेवतो, ती दाट होते, विरळ होते. पावसाचा जोर कमीजास्त होतो ना, तसं. पावसाच्या मात्रा आपण मोजत नाही, पण जोर वाढला हे कळतंच.

तेव्हा मोजणं सोडा आणि हे करा:

- पहिल्या ऐकण्यात फक्त दाट-विरळ बघा. वहीत आडवी रेघ काढून दाट झालं की वर, विरळ झालं की खाली.
- दुसऱ्या ऐकण्यात फक्त पियानोचा खर्ज आणि टीप. डावीकडे एक वाक्य पडतं आणि उजवीकडून त्याला उत्तर येतं. सवाल-जवाबच आहे तो, फरक इतकाच की दोन्ही बाजू एकच माणूस लढवतोय. हे एकदा कानाला पकडता आलं की टेलरचं निम्मं कुलूप उघडलं.
- तिसऱ्यांदा काहीच करू नका.

एका दिवसात तिन्ही नकोत. माझे दोन आठवडे गेले.

४. रिकामी वर्षं

यादी बघताना तुम्हाला १९६२ नंतर एकदम १९६६ दिसेल. मधे त्याचा एकही स्टुडिओ अल्बम नाही. तुमच्या ॲपचा दोष नाही, कामच नव्हतं. ज्या माणसाबद्दल मासिकांत लेख येत होते तो पोटासाठी भांडी घासायची कामं करत होता. घरी मात्र रोज तासन्‌तास पियानो. १९६४ मध्ये ट्रम्पेटवादक बिल डिक्सनच्या पुढाकाराने संगीतकारांची एक संघटना उभी राहिली, जॅझ कंपोजर्स गिल्ड. क्लबवाल्यांनी आणि कंपन्यांनी पिळू नये म्हणून. टेलर तीत होता. फार टिकली नाही.

१९७० च्या दशकाच्या आरंभी तो विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात आणि मग ओहायोच्या अँटिऑक कॉलेजात शिकवायला गेला. विस्कॉन्सिनला त्याने वर्गातली बरीच मुलं नापास केली, असा शिक्षक. १९७३ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळाली, १९९१ मध्ये मॅकआर्थर, २०१३ मध्ये जपानचं क्योटो पारितोषिक. आणि त्या क्योटोच्या पैशातली बरीच रक्कम बांधकामाची कामं करणाऱ्या एका ओळखीच्याच माणसाने लुबाडली. खटला झाला, शिक्षाही झाली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी हे नशिबी.

५. १९६६: 'कॉन्किस्टाडोर' आधी, 'युनिट स्ट्रक्चर्स' नंतर

दोन्ही ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीचे, दोन्ही एकाच वर्षीचे. 'युनिट स्ट्रक्चर्स' मे महिन्यातला, 'कॉन्किस्टाडोर' ऑक्टोबरमधला. मी तारखेचा क्रम इथे मोडायला सांगतो.

'कॉन्किस्टाडोर'मध्ये दोनच तुकडे, प्रत्येकी साधारण अठरा-एकोणीस मिनिटांचे. लायन्स वेगाने धावतो, ट्रम्पेटवर बिल डिक्सन मोजके, लांब, धुरकट सूर लावतो. दोघांच्या स्वभावातला हा फरक नवख्यालाही लगेच कळतो. दोन बास आहेत, हेन्री ग्राइम्स आणि ॲलन सिल्व्हा. हेडफोन लावले तर एक बोटांनी छेडतोय आणि दुसरा गजाने वरच्या सुरांत फिरतोय हे वेगळं ओळखता येतं. ड्रमवर अँड्र्यू सिरील. मरेच्या पावसानंतर याचं वाजवणं नर्तकाच्या पावलांसारखं स्वच्छ वाटतं.

मग 'युनिट स्ट्रक्चर्स'. इथे थोडं थांबतो, कारण टेलर काम कसं करायचा हे कळल्याशिवाय हा अल्बम म्हणजे खरंच फरशीकाम.

पाश्चात्त्य पद्धतीत संगीतकार पाच रेघांवर सगळं लिहून देतो. टेलर ते शिकून आला होता आणि मुद्दाम सोडून बसला. तालमीत तो पियानोवर एक वाक्य वाजवायचा, मंडळींनी ते कानाने उचलायचं. कागद असलाच तर त्यावर सुरांची नुसती अक्षरं, मात्रांचे खांब पाडलेले नाहीत. कुठला सूर किती लांबवायचा, कुठल्या सप्तकात घ्यायचा, यातलं बरंचसं वाजवणाऱ्याने ठरवायचं. आपल्याकडे क्लासच्या वहीत सा रे ग म लिहून घेतात आणि खरी जागा गुरुजींच्या गळ्यातूनच घ्यावी लागते, तशातलं हे. त्याने हे आपल्याकडून घेतलं असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्याला ते परकं वाटायचं कारण नाही, एवढंच.

या अल्बमच्या टिपणात त्याने रचनेचे तीन भाग सांगितलेत: अॅनाक्रूसिस, प्लेन आणि एरिया. आपल्या भाषेत साधारण उचल, मैदान आणि मुलूख म्हणा. उचलीत पुढे येणाऱ्या सगळ्याची चाहूल. मैदानात ती लहान-लहान वाक्यं सगळ्यांसमोर मांडली जातात, एकाने टाकायचं, दुसऱ्याने झेलायचं. मुलूख म्हणजे त्याच वाक्यांतून ज्याने-त्याने आपला रस्ता काढायचा. ती लहान वाक्यं म्हणजेच 'युनिट'.

आता सापळा. हे टिपण ऐकण्याआधी वाचू नका. ते गद्य नाही, पद्यही नाही. दोन परिच्छेदांत डोकं भणभणतं आणि वाटतं की संगीतही इतकंच अवघड असणार. तसं नाहीये.

सुरुवात 'एंटर, ईव्हनिंग'ने करा. नावाप्रमाणे संध्याकाळचा तुकडा. दबक्या आवाजातला ट्रम्पेट आणि केन मॅकिन्टायरचा ओबो. ओबो म्हणजे आपल्या सनईचा लांबचा नातलग, त्यामुळे कान आपोआप तिकडे वळतो. मग 'टेल्स'. त्यात फुंकवाद्यं गप्प आहेत, म्हणून पियानो मोकळा मिळतो. 'स्टेप्स' शेवटी, जरी अल्बममध्ये तो पहिला असला तरी. मला कुणी एवढं सांगितलं असतं तर काका वर आले नसते.

६. एकटा पियानो: 'सायलेंट टंग्ज' (१९७४)

स्वित्झर्लंडमधला माँट्रो महोत्सव, रंगमंचावर एकटा टेलर. पाच भागांची मोठी रचना आणि मग लोकांच्या आग्रहाखातर दोन छोटे तुकडे: 'जिटनी नंबर २' आणि 'आफ्टर ऑल नंबर २'.

माझी युक्ती अशी: हे शेवटचे दोन आधी ऐका. काही मिनिटांचेच आहेत आणि मोठ्या रचनेतल्याच भागांचा अर्क त्यांत आहे. चार-पाच वेळा ऐकून तोंडपाठ करा, मग मूळ रचना पहिल्यापासून लावा. 'जिटनी' येताच ओळखीचा माणूस गर्दीत दिसल्यासारखं होतं. शिवाय "हा काय, सुचेल ते बडवतो" या म्हणण्याला इथे उत्तर मिळतं. सुचेल ते बडवणारा माणूस तेच वाक्य पुन्हा, आखूड करून, जागच्या जागी मांडू शकत नाही.

जमलं तर त्याला वाजवताना बघाही, चित्रफिती मिळतात. बोटं, मग तळहात, मग मुठी, कधी कोपर, दोन्ही हात एकमेकांवरून उड्या मारत. पियानोला पट्ट्या ८८, म्हणून त्याच्या पियानोला लोक सुरात लावलेल्या ८८ ढोलांची उपमा देतात. खरं तर त्याचा आवडता बोझेन्डॉर्फर इम्पिरियल हा पियानो मिळाला तर ९७ पट्ट्या, खर्जाकडे नऊ जास्तीच्या. चेहरा बघा मात्र. घाम सोडला तर हिशेब तपासणाऱ्या कारकुनासारखा शांत.

७. मॅक्स रोचबरोबर (१५ डिसेंबर १९७९)

कोलंबिया विद्यापीठात दोघांची मैफल झाली, 'हिस्टॉरिक कॉन्सर्ट्स' या नावाने मिळते. रोच जुन्या बीबॉप पिढीतला, म्हणजे १९४० च्या दशकातल्या वेगवान जॅझमधला थोर ड्रमवादक, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबर वाजवलेला. आधी दोघं थोडा वेळ एकेकटे वाजवतात आणि मग लांबलचक जोडीचं वादन.

तबल्याचा कान असलेल्यांनी हा पाहिजे तर तिसऱ्या पायरीनंतर लगेच घ्यावा. रोच टेलरच्या मागे धावत नाही, ठेकाही देत नाही. तो स्वतःची वाक्यं मांडतो आणि टेलरला त्यांच्या मधून जायला लावतो. माझी बहीण कथक शिकलेली. तिला मी यातला दहा मिनिटांचा तुकडा ऐकवला. ती काही बोलली नाही, पण तिची टाच जमिनीवर पडत होती आणि तिचा ताल मला मोजता येत नव्हता.

८. बर्लिन १९८८: सगळं घेऊ नका

लायन्स गेल्यावर दोन वर्षांनी टेलर उन्हाळ्यात बर्लिनला राहिला आणि युरोपातल्या मंडळींबरोबर वाजला. त्यातून ११ सीडींचा संच निघाला. इथे पोचलेला माणूस उत्साहाच्या भरात हा संच मागवतो आणि तो कपाटात राहतो. मी तेच केलं. वर कस्टम भरलं ते वेगळंच.

त्याऐवजी सुट्या तबकड्या घ्या. ड्रमवाल्यांबरोबरच्या जोड्या आधी: टोनी ऑक्सली, हान बेनिंक, लुई मोहोलो, गुंटर सोमर, पॉल लोव्हेन्स. पियानो तोच, समोरचा माणूस बदलला की टेलर किती बदलतो ते कळतं. बेनिंक थट्टा करतो, ऑक्सली धातूची बारीक खडखड पसरतो. ऑक्सलीशी पुढे इतकं जमलं की विल्यम पार्करच्या बासबरोबर तिघांची 'फील ट्रिओ' झाली, आणि २०१६ मध्ये न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात, सत्याऐंशी वर्षांचा असताना, टेलर वाजला तेव्हाही ऑक्सली सोबत होता.

गिटारवाला डेरेक बेली पुष्कळ नंतर. मोठ्या वाद्यवृंदाची 'आम्स/टियरगार्टन (श्प्रे)' ही जोड-तबकडी सगळ्यात शेवटी, हेडफोनवर. आणि स्पीकरवर लावायचीच हौस असेल तर दुपारी एक ते चार सोडून. आमच्या काकांना मिस्त्री अजून मिळालेला नाही.